ओली थंडी: हवा ओळखायची कशी आणि निभवायची कशी

कोरड्या, कडाक्याच्या थंडीला माणूस आपसूक घाबरतो. पारा उणे सातवर गेला म्हटलं की टोपी, हातमोजे, जाड कोट सगळं बाहेर निघतं. पण पारा तीन-चार अंशांवर आहे, आभाळ भरलंय, पावसाची पिरपिर चालली आहे आणि मधूनच वाऱ्याचा झोत येतोय, अशा दिवशी लोक ‘आज तर फारशी थंडी नाही’ म्हणत अंगावर एखादं जाकीट टाकतात आणि निघतात. घात होतो तो याच हवेत. पाण्यातून उष्णता स्थिर हवेपेक्षा वीस पटींहून अधिक सहज वाहते. ओले कपडे अंगाची ऊब ओढून घेतात, वारा ती उडवून नेतो, आणि शरीराला ती भरून काढता येत नाही. म्हणून हिवाळ्याच्या हवेचा विचार करताना एकट्या तापमानाकडे पाहू नका. दाब, वारा आणि ओल एकत्र वाचायला शिका, आणि ठरवायचं ते पुढच्या दीड दिवसापुरतं ठरवा.

इथे दिलेल्या खुणा साधारण ३० ते ६० अक्षांशांमधल्या प्रदेशांसाठी आहेत, कारण हिवाळी वादळांची ये-जा तिथेच असते. दिशा उत्तर गोलार्धातल्या आहेत. दक्षिण गोलार्धात उत्तर-दक्षिण उलटवून घ्या: आग्नेयेच्या जागी ईशान्य, नैर्ऋत्येच्या जागी वायव्य, वायव्येच्या जागी नैर्ऋत्य.

आधी कळू द्या, येतंय काय

हिवाळ्यात ध्रुवाकडची थंड हवा आणि विषुववृत्ताकडची उबदार हवा यांच्यातला फरक वाढतो. तो जितका मोठा, तितका नऊ ते बारा किलोमीटर उंचीवरचा जेट प्रवाह, म्हणजे वेगवान वाऱ्याचा पट्टा, जोरात. या प्रवाहाला वळणं पडतात आणि त्यांच्या आधाराने जमिनीलगत कमी दाबाची क्षेत्रं तयार होतात. ती बहुतेक पश्चिमेकडून पूर्वेकडे सरकतात, आणि एकट्याने क्वचित येतात. एकामागून एक अशी त्यांची रांगच लागते. हिवाळी हवा लहरी वाटते ती यामुळे.

अशा प्रत्येक क्षेत्राला दोन आघाड्या, म्हणजे उबदार आणि थंड हवा भिडतात त्या सीमा, असतात. पुढची उष्ण आघाडी: इथे उबदार हवा थंड हवेच्या अंगावर सावकाश चढते. चढ फार सौम्य असतो, शंभर-दोनशे किलोमीटरला एक किलोमीटर इतकाच. म्हणूनच आघाडीचे वरचे ढग तुमच्या डोक्यावर पोचतात तेव्हा जमिनीवरची आघाडी अजून शेकडो किलोमीटर दूर असते, आणि तुम्हाला तयारीला बारा ते चोवीस तास मिळतात. मागची शीत आघाडी मात्र उभट असते. थंड हवा उबदार हवेखाली घुसते, पाऊस थोडा वेळ पण जोरात पडतो, आणि वारा एका झटक्यात दिशा बदलतो.

हे चित्र नॉर्वेतल्या बर्गन शहरात विल्हेल्म ब्यर्कनेस, त्यांचा मुलगा याकोब आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९१९ च्या सुमारास मांडलं. उपग्रह नव्हते, संगणक नव्हते. किनाऱ्यावरची दाट निरीक्षणं आणि ढगांकडे पाहणारे डोळे, एवढ्यावर त्यांनी ते उभं केलं. नंतर त्यात बऱ्याच दुरुस्त्या झाल्या, पण अंगणात उभं राहून हवा वाचायला आजही याहून चांगलं साधन माझ्या मते नाही.

दाब: आकडा नको, चाल पाहा

घरी एकच उपकरण घ्यायचं असेल तर बॅरोमीटर घ्या. बऱ्याच मोबाइलमध्ये दाबाचा सेन्सर असतो, तोही चालेल. पहिली गोष्ट, वाचन नेहमी एकाच जागी घ्या. समुद्रसपाटीजवळ सुमारे आठ मीटर वर गेलं की दाब एक हेक्टोपास्कलने (हे दाब मोजायचं एकक) कमी होतो, म्हणजे तिसऱ्या मजल्यावर घेतलेलं वाचन आणि रस्त्यावरचं वाचन जुळणारच नाही. एखाद्या शांत, वारा नसलेल्या दिवशी जवळच्या वेधशाळेचा समुद्रसपाटीचा दाब पाहून आपलं उपकरण जुळवून घ्या आणि मग त्याला हात लावू नका.

दुसरी गोष्ट, ‘१००० च्या खाली म्हणजे पाऊस’ असलं काही धरून बसू नका. महत्त्व दाब किती आहे याला नसून तो किती वेगाने बदलतोय याला आहे. तीन तासांत दीड हेक्टोपास्कलपर्यंत घट म्हणजे सावकाश. दीड ते साडेतीन म्हणजे काहीतरी निश्चित येतंय. साडेतीन ते सहा म्हणजे वेगाने येतंय, आणि वारा जोरदार असेल. सहाच्या वर गेलं तर बाहेरचं सामान आत घ्या, प्रवास पुढे ढकला. मोठ्या प्रमाणावर पाहिलं तर ज्या वादळाच्या केंद्रातला दाब चोवीस तासांत २४ हेक्टोपास्कलने उतरतो, ते स्फोटक वेगाने वाढणारं मानलं जातं. हा निकष ६० अक्षांशाचा आहे. त्याहून खालच्या अक्षांशांवर आकडा कमी होतो.

एक खाचखळगा लक्षात ठेवा. दाबाला रोजची भरती-ओहोटी असते: सकाळी आणि रात्री दहाच्या सुमारास वर, पहाटे आणि दुपारी चारच्या सुमारास खाली. विषुववृत्ताकडे सरकाल तशी ही हालचाल मोठी होते, दोन-तीन हेक्टोपास्कलपर्यंत. तुम्ही ३० अक्षांशाच्या आसपास असाल तर दुपारच्या चारच्या घटीने घाबरू नका. कालच्या चारशी तुलना करा.

वारा काय सांगतो

वारा गल्लीत किंवा दोन इमारतींच्या मध्ये उभं राहून पाहू नका, तिथे तो भलतीकडूनच येतो. उघड्यावरचा झेंडा, धूर किंवा खालच्या ढगांची चाल पाहा. डच शास्त्रज्ञ बाइस-बॅलट यांनी १८५७ मध्ये मांडलेला नियम आजही तसाच उपयोगी आहे: वाऱ्याकडे पाठ करून उभे राहा, कमी दाब तुमच्या डाव्या हाताला असतो. दक्षिण गोलार्धात उजव्या.

त्याच स्थितीत उभं राहून आता मान वर करा आणि सगळ्यात उंच ढग कुठून येतायत ते पाहा. खांब किंवा छपराची कड यांच्याआड ते कसे सरकतात हे मिनिटभर बघितलं की दिशा कळते. उंच ढग डावीकडून येत असतील तर हवा बिघडणार. उजवीकडून येत असतील तर सुधारणार. समोरून किंवा मागून येत असतील तर निदान काही तास आहे तसंच चालेल. ही खूण मला सगळ्यांत भरवशाची वाटते. तिला उपकरण लागत नाही, आणि दाब पुरेसा उतरायच्या आतही ती बोलते.

वाऱ्याचा क्रमही ध्यानात ठेवा. उष्ण आघाडी येण्याआधी तो दक्षिण-आग्नेयेकडून वाहतो, आघाडी गेली की नैर्ऋत्येला वळतो, आणि शीत आघाडी गेली की वायव्येला. वायव्येला गेलेला वारा काही तासांत पुन्हा नैर्ऋत्येकडे किंवा दक्षिणेकडे परतायला लागला तर समजा, रांगेतलं पुढचं क्षेत्र निघालं आहे.

आभाळ

ढगांना लॅटिन नावं देण्याची पद्धत ल्यूक हॉवर्ड यांनी १८०२ मध्ये घालून दिली. नावं पाठ नसली तरी चालतं, क्रम पाठ पाहिजे.

प्रथम पश्चिमेकडे पांढरे, पिसांसारखे सिरस ढग दिसतात. नुसते तुरळक असतील तर त्यांना अर्थ नाही. पण ते वाढत, दाटत जाऊन आभाळभर पातळ पांढरा पडदा झाला की तो सिरोस्ट्रेटस, आणि त्यातून सूर्याला किंवा चंद्राला खळं पडतं. हे खळं बर्फाच्या स्फटिकांमुळे बनतं आणि त्याची त्रिज्या २२ अंश असते. हात पूर्ण लांब करून पंजा फाकवला तर अंगठ्यापासून करंगळीपर्यंत साधारण तेवढंच अंतर भरतं. चंद्राला अगदी चिकटून दिसणारं रंगीत वलय वेगळं, ते पाण्याच्या बारीक थेंबांचं. त्यावरून हा अंदाज बांधू नका. खळं पडलं की पाऊस येतोच असं नाही, पण खळं आणि उतरता दाब एकत्र आले की माझ्यापुरता निर्णय झालेला असतो.

पुढे पडदा करडा होतो. सूर्य फिकट ठिपका होऊन राहतो आणि जमिनीवर सावली पडेनाशी होते. हा आल्टोस्ट्रेटस. सावली गेली की सहसा पावसाला काही तासच उरतात. बाहेरची कामं उरकायची वेळ तीच. मग झाकोळून येतं, ढगाचा तळ खाली उतरतो, संततधार सुरू होते.

शीत आघाडी गेल्यानंतरचं आभाळ सगळ्यात गोंधळात टाकतं. लख्ख निळं, स्वच्छ, दूरचे डोंगर अगदी जवळ दिसतात. लोकांना वाटतं, संपलं. पण ही थंड हवा ओल्या जमिनीवरून किंवा तुलनेने उबदार समुद्रावरून येताना खालून तापते आणि उसळते. मग तासा-दीड तासाने एकेक सर, कधी गारांसकट. उघडीप मिळते ती दोन सरींच्या मधली. तिच्यावर कपडे वाळत घालून बाहेर जाऊ नका.

वहीत काय लिहायचं

अंदाज बांधायला खरं शिकवते ती वही. दिवसातून चार-पाच वेळा चार गोष्टी लिहा: दाब, वारा, ढग, तापमान. एका पूर्ण फेरीची नोंद साधारण अशी दिसते. आकडे नमुन्यादाखल आहेत.

सकाळी ९: दाब १०१६. वारा मंद, दक्षिणेकडून. पश्चिमेला सिरस, दाटत चाललेले.
दुपारी १: १०१४. वारा आग्नेयेकडे झुकला. सूर्याला खळं.
दुपारी ४: १०११. सावली पडत नाही. तापमान ५.
रात्री ९: १००४. संततधार. वारा आग्नेयेकडून, जोराचा. तापमान ४.
दुसऱ्या दिवशी सकाळी ७: ९९८. संततधार थांबून नुसती भुरभुर, धुकट. वारा नैर्ऋत्येचा. तापमान ९.
सकाळी ११: ९९७. जोराची सर, वारा एकदम वायव्येला.
दुपारी २: १००३. निळं आभाळ, मधूनच सर. तापमान ५.

यात दोन जागा नीट पाहा. एक, दुपारी चार. तीन तासांत तीनची घट, सावली गायब, वारा आग्नेयेचा: या तिन्ही गोष्टी जुळल्या तिथे रात्रीचा पाऊस ठरला. दोन, सकाळी सात. तापमान नऊवर चढलंय, पाऊस मंदावलाय, आणि माणसाला वाटतं की हवा सुधारली. दाबाचं उतरणं जवळपास थांबलंय, पण तो वर चढायला लागलेला नाही आणि वारा अजून नैर्ऋत्येचा आहे, म्हणजे शीत आघाडी यायची बाकी आहे. डोंगरावर किंवा पाण्यावर जाणारे लोक नेमके या उबदार मध्यंतरात निघतात आणि चार तासांनी पाच अंशांच्या वाऱ्यात ओलेचिंब सापडतात.

दाब फार झपाट्याने चढला तरी हुरळून जाऊ नका. जो झरझर चढतो तो बहुधा लवकर पुन्हा उतरतो. टिकाऊ उघडीप हवी असेल तर दाब एक-दोन दिवस सावकाश, न थांबता चढत राहायला हवा.

अधिकृत अंदाज कसा वाचावा

आपल्या वहीने वेधशाळेचा अंदाज बाजूला सारायचा नसतो. आपल्या जागेपुरता, आपल्या वेळेपुरता तो दुरुस्त करायचा असतो. ब्रिटनमध्ये १८५९ च्या वादळात रॉयल चार्टर हे जहाज बुडून शेकडो माणसं गेली आणि त्यानंतर रॉबर्ट फिट्झरॉय यांनी १८६१ मध्ये वादळाचे इशारे आणि वर्तमानपत्रात रोजचा अंदाज सुरू केला. माणसं वाचवणं हा त्यामागचा मुख्य हेतू होता. इशारा आला तर तो पाळा, स्वतःच्या बॅरोमीटरवरून त्याला खोटं पाडायला जाऊ नका.

बाकी वेळी हे पाहा. युरोपीय मध्यम-पल्ला हवामान अंदाज केंद्रासारख्या संस्था १९९२ पासून एकच गणित न करता सुरुवातीची स्थिती किंचित बदलून अनेक गणितं शेजारी-शेजारी चालवतात. या केंद्राच्या अशा गणितांची संख्या ५१ आहे. ही सगळी गणितं पाच दिवसांनंतरही एकत्र राहिली तर भरवसा ठेवा. तिसऱ्याच दिवशी ती फाकली असतील तर नेमक्या वेळेला काही किंमत नाही, फक्त ‘अस्थिर हवा’ एवढंच घ्या. मोबाइलवरचं पावसाचं चिन्ह या फाटाफुटीबद्दल काहीच सांगत नाही, म्हणून दहाव्या दिवसाच्या चिन्हावर लग्न, सहल, घराचं काम काही ठरवू नये. ‘पावसाची शक्यता ४० टक्के’ म्हणजे दिवसाचा ४० टक्के वेळ पाऊस असंही नाही. अशी हवा दहा वेळा आली तर चार वेळा तुमच्या ठिकाणी पाऊस होईल, एवढाच त्याचा अर्थ.

शेवटच्या दोन तासांसाठी रडार सगळ्यात कामाचं. दोन चित्रांमध्ये पट्टा किती सरकला ते मोजा आणि तोच वेग पुढे लावा. पण रडारची किरणं दूरवर गेल्यावर उंचावरून जातात, त्यामुळे खालच्या ढगातली भुरभुर त्याला दिसत नाही. डोंगराच्या वाऱ्याकडच्या बाजूला असाल तर अंदाजापेक्षा जास्त पाऊस धरा, आडोशाच्या बाजूला कमी.

पाऊस की बर्फ?

हा हिवाळ्यातला सगळ्यात अवघड प्रश्न, कारण अर्ध्या अंशाने उत्तर बदलतं. बहुतेक हिवाळी पाऊस वर बर्फ म्हणूनच सुरू होतो आणि शून्य अंशाच्या रेषेखाली दोन-तीनशे मीटर उतरेपर्यंत वितळतो. इथे साध्या थर्मामीटरपेक्षा ओल्या बल्बचं तापमान उपयोगी. थर्मामीटरच्या टोकाला सुती कापडाची ओली चिंधी गुंडाळा, वाऱ्यात धरा, आकडा स्थिर झाला की वाचा. हवा ४ अंश आणि आर्द्रता ५० टक्के असेल तर ओला बल्ब जेमतेम अर्धा अंश दाखवेल. म्हणजे पाऊस सुरू होताच बाष्पीभवनाने हवा तिथवर थंड होऊ शकते आणि चार अंशांवर सुरू झालेल्या पावसाचा तासाभरात बर्फ होतो. ओला बल्ब अर्ध्या अंशाच्या खाली असेल तर बर्फ धरा, दोनच्या वर असेल तर पाऊस, मधल्या पट्ट्यात दोन्हींची तयारी ठेवा. पाऊस जोराचा झाला की वितळण्यातच हवेची उष्णता खर्च होते आणि बर्फाची रेषा आणखी खाली येते.

सगळ्यात वाईट तो गोठणारा पाऊस. वर उबदार थर, जमिनीलगत शून्याखालची हवा. थेंब द्रवच राहतो आणि टेकेल तिथे काच होऊन चिकटतो. उष्ण आघाडी येतेय, वर हवा उबदार होतेय, पण दरीतली थंड हवा हललेली नाही, अशा वेळी याची भीती असते. यावर उपाय एकच: बाहेर पडू नये. फांद्या आणि तारा बर्फाच्या वजनाने तुटतात, त्यामुळे दिवे जाणार हे धरून चाला आणि झाडाखाली गाडी ठेवू नका.

घराबाहेरची तयारी

एक मिलिमीटर पाऊस म्हणजे दर चौरस मीटरला एक लिटर पाणी. शंभर चौरस मीटर छपरावर २० मिलिमीटर पडला की दोन हजार लिटर पन्हळीतून गेलं पाहिजे. पन्हळीत पालापाचोळा असेल तर ते भिंतीत जातं. म्हणून पानगळ संपल्यावर एकदा आणि मोठ्या वादळाआधी एकदा पन्हळ आणि तिच्या उभ्या नळाचं तोंड साफ करा. शिडी वाऱ्यात लावू नका. हे काम आभाळ निळं असतानाचं आहे.

हिवाळ्यात जमीन लवकर भरते, कारण बाष्पीभवन जवळपास नसतं आणि झाडं पाणी ओढत नाहीत. त्यामुळे रांगेतलं पहिलं वादळ मुरतं, तिसरं तेवढाच पाऊस घेऊन आलं तरी वाहून पूर आणतं. पावसाच्या अंदाजाशेजारी गेल्या आठवड्यात किती पडला ते लिहून ठेवा. सरळ कडांच्या बरणीत पट्टी बुडवून मोजलं तरी पुरे. जमिनीवर बर्फ साचलेला असताना उबदार पाऊस आला तर वितळलेलं पाणी त्यात भर घालतं, म्हणून सखल भागात तेव्हा विशेष लक्ष ठेवा.

घरातली ओल

पावसाळी थंडीत लोक खिडक्या घट्ट लावून बसतात आणि मग कोपऱ्यात काळी बुरशी धरते, कपाटाला कुबट वास येतो. बाहेर पाऊस असताना खिडकी उघडली तर ओल आत येईल, हा समज चुकीचा आहे आणि तो सोडणं फार गरजेचं आहे. पाच अंशांवरची पूर्ण ओली हवा दर घनमीटरला सुमारे ६.८ ग्रॅम बाष्प बाळगते. वीस अंशांवर हवेत १७.३ ग्रॅम मावतं. म्हणजे बाहेरची ती ‘ओली’ हवा आत येऊन वीस अंशांपर्यंत तापली की तिची सापेक्ष आर्द्रता फक्त ३९ टक्क्यांच्या आसपास उरते. ती तुमचं घर वाळवते.

तेव्हा दिवसातून दोन-तीन वेळा समोरासमोरच्या खिडक्या पाच-दहा मिनिटं पूर्ण उघडा आणि पुन्हा बंद करा. दिवसभर बोटभर फट ठेवण्यापेक्षा हे चांगलं. हवा बदलते, भिंती थंड होत नाहीत. अंघोळ आणि स्वयंपाक झाल्यावर लगेच, दार लावून, वाफ बाहेर काढा. कपड्यांचा एक घाणा घरात वाळताना दीड-दोन लिटर पाणी हवेत सोडतो, म्हणून एकच खोली त्यासाठी ठरवा, तिचं दार बंद आणि खिडकी किलकिली ठेवा. एक छोटा आर्द्रतामापक ठेवा. आकडा ४० ते ६० मध्ये असू द्या. वीस अंश आणि ६० टक्के असताना दवबिंदू बारा अंशांवर असतो. काच किंवा बाहेरची भिंत त्याहून थंड झाली की तिथे पाणी जमणार. बुरशीला तर पाणी जमायचीही गरज नसते, भिंतीलगतची आर्द्रता ८० टक्क्यांवर राहिली की तिचं भागतं. कपाटं बाहेरच्या भिंतीपासून चार बोटं सरकवा.

चिमणी नसलेला गॅसचा हीटर ऊब देतो, पण एक किलो गॅस जळून दीड किलोहून जास्त पाणी हवेत येतं. त्याहून गंभीर म्हणजे कार्बन मोनॉक्साइड. त्याला वास नाही, रंग नाही. शेगडीतले निखारे घेऊन बंद खोलीत झोपणं किंवा दिवे गेले म्हणून जनरेटर घरात लावणं, हे कधीही करू नका. डोकेदुखी, मळमळ, गुंगी घरातल्या सगळ्यांना एकदम जाणवली तर आधी बाहेर पळा, मग मदत बोलवा.

अंगावर काय, आणि हिव भरलं तर

सुती कपडा आत नको. तो भिजला की भिजलेलाच राहतो. आत पातळ लोकर किंवा कृत्रिम धाग्याचा बनियन, वर फ्लीस किंवा लोकर, सगळ्यात बाहेर वारा आणि पाणी अडवणारा थर. पिसांचं जाकीट कोरड्या थंडीत उत्तम, ओल्या थंडीत भिजून गोळा होतं. चढ चढताना घाम येण्याआधी एक थर काढा, कारण आतून भिजणं आणि बाहेरून भिजणं यांत शरीराला फरक नाही. एक कोरडा जोड, मोज्यांसकट, प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधून नेहमी जवळ.

शरीराचं आतलं तापमान ३५ अंशांखाली गेलं की धोका सुरू. आधी हुडहुडी, मग बोटं जाकिटाची चेन लावायलाही अडखळतात, चालताना ठेचा लागतात, बोलणं जड होतं, माणूस चिडतो किंवा गप्प बसतो. हुडहुडी थांबली आणि माणूस बरा झाला नाही, तर प्रकृती बिघडली आहे. ताबडतोब वैद्यकीय मदत हवी. तोवर आडोशाला न्या, ओले कपडे काढा, खाली काहीतरी अंथरून जमिनीपासून तोडा, डोक्यासकट गुंडाळा, छाती-पोटाला ऊब द्या. शुद्धीत असेल आणि नीट गिळता येत असेल तर गरम गोड पेय. दारू नाही. हातपाय चोळू नका.

रस्त्यावर

ओल्या रस्त्यावर थांबायला साधारण दुप्पट अंतर लागतं, बर्फावर दहापटीपर्यंत. टायरच्या खाचा बऱ्याच देशांत कायद्याने १.६ मिलिमीटर चालतात, पण या हवेसाठी मी तीनच्या खाली जाऊ देणार नाही. गाडी पाण्यावर तरंगल्यासारखी हलकी वाटली तर ॲक्सिलरेटरवरून पाय सावकाश काढा, स्टिअरिंग सरळ धरा, ब्रेक दाबू नका. वाहत्या पाण्यात उतरू नका: १५ सेंटिमीटर खोल, वेगाचं पाणी मोठ्या माणसाचे पाय उडवतं, ३० सेंटिमीटर बऱ्याच गाड्यांना उचलतं. रात्री खोली दिसत नाही आणि खालचा रस्ता खचलाय की नाही तेही कळत नाही. परत फिरा.

वादळ गेल्याच्या रात्रीचा हिशेब वेगळा ठेवा. वारा पडलाय, चांदण्या दिसतायत, दाब चढतोय आणि रस्ते अजून ओले आहेत. निरभ्र रात्री जमीन हवेपेक्षा जास्त थंड होते, त्यामुळे थर्मामीटर दोन-तीन अंश दाखवत असतानाही रस्त्याचा पृष्ठभाग शून्याखाली जातो आणि त्यावरचं पाणी दिसणार नाही असं गोठतं. पूल आधी गोठतात, कारण त्यांना खालूनही थंड हवा लागते. मग झाडांच्या सावलीतली वळणं. संध्याकाळी दवबिंदू शून्याजवळ असेल आणि आभाळ उघडलं असेल तर दारासमोरच्या पायऱ्यांवर झोपण्याआधीच वाळू किंवा मीठ टाका, आणि सकाळचा प्रवास ऊन रस्त्यावर पोचेपर्यंत पुढे ढकला.